बनवणाऱ्याने घेतली का?

शनिवार, पहाटेचे चार चाळीस. बेकरीच्या मागच्या खोलीत एकच दिवा लागलेला आहे आणि बेकरीवाला कोपरापर्यंत हात पिठात घालून उभा आहे. पीठ मळायचं यंत्र कोपऱ्यात आहे, चांगलं चालतंही. पण दिवसाचा पहिला गोळा तो हातानेच मळतो. यात परंपरा वगैरे काही नाही. यंत्राचा खडखडाट फार होतो आणि बरोबर वरच्या खोलीत त्याची थोरली बहीण झोपलेली असते. पाचच्या सुमाराला ती खोकत उठते. खोकला ऐकू आला की तो यंत्र सुरू करतो.

तिला सगळी गल्ली ताई म्हणते, तोही. लहानपणापासून तिने या खोलीत पीठ चाळलं. ते पीठ थोडं थोडं करत छातीत गेलं आणि आता तिला जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. साथ आली तेव्हा डॉक्टरांनी बेकरीवाल्याला बाजूला घेऊन आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की हा आजार ताईंना झाला तर त्यांची फुप्फुसं तो झेलू शकणार नाहीत. लस आली की पहिल्याच आठवड्यात द्या.

लस आली. गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेच्या हॉलमध्ये केंद्र उघडलं. ताईने एकच अट घातली. "तू घे. मग मी घेते."

घोडं अडलं ते इथे. बेकरीवाला घ्यायला तयार नव्हता. नाहीही म्हणत नव्हता.

हे समजायचं तर सकाळी सव्वासहाला बेकरीच्या समोर उभं राहायला हवं. शटर वर जातं. गिऱ्हाइकं आलेली असतात, पण पाव कुणी मागत नाही. बेकरीवाला ताज्या पावाच्या टोकाचा तुकडा कापतो आणि काउंटरमागे उभा राहून, लोकांकडे बघत, सावकाश खातो. गिळून झालं की सुरी पुसतो. मग विक्री सुरू.

ही पद्धत त्याच्या वडिलांची. त्यांच्या काळात एकदा गिरणीतून बिघडलेलं पीठ आलं आणि गल्लीतल्या निम्म्या घरांतली पोटं बिघडली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण नंतर बेकरीच्या दारात कुणी फिरकेना. वडिलांनी सफाई दिली नाही की शपथा घेतल्या नाहीत. एका सकाळी शटर उघडून त्यांनी सगळ्यांसमोर पहिला तुकडा खाल्ला, दुसऱ्या सकाळी पुन्हा. आठवड्याभरात गिऱ्हाइकं परतली. वडील गेले, दुकान मुलाकडे आलं, घास चालू राहिला. साथीत तोंडावर मास्क आला तेव्हा लोक म्हणाले, आमच्यासमोर मास्क काढू नकोस. म्हणून त्याने काउंटरवर काच बसवली आणि काचेमागे खाऊ लागला. घास बंद कर, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

केंद्रावरच्या सिस्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून बदलून आली होती. पहिले काही दिवस हॉलमध्ये ती, खुर्च्या आणि शीतपेटी, एवढेच असायचे. शेवटी ती स्वतःच गल्लीत फिरून दारं ठोठावू लागली. कुणी म्हणे, बघू पुढच्या महिन्यात. कुणी म्हणे, आम्हाला काही होत नाही. पण खोदून विचारलं की बऱ्याच घरांतून एकच प्रतिप्रश्न यायचा. "बेकरीवाल्याने घेतली का?"

बेकरीसमोर शिंप्याचं दुकान आहे. शिंपी बेकरीवाल्याचा बालमित्र, आणि गल्लीची बातमी त्याच्या कात्रीखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यानेही तेच विचारलं.

"तो कोण? पुढारी आहे का तुमचा?" सिस्टरने विचारलं.

"पुढारी कसला, पाव विकतो."

"मग त्याचा काय संबंध?"

"तुम्ही नवीन दिसता," शिंपी म्हणाला आणि पुन्हा कापडाकडे वळला.

सिस्टरची खात्री पटली, की हा माणूस लोकांचे कान भरतोय. चार शब्द सुनावायचेच, या तयारीने ती दुसऱ्या दिवशी सकाळीच बेकरीवर गेली. काचेसमोर लोक मुकाट्याने उभे होते. आत एक माणूस पाव खात होता. घाई नाही, बोलणं नाही. त्याने सुरी पुसली आणि एकदम पैसे, पिशव्या, गलका सुरू झाला. सिस्टर बाजूला उभी राहिली. सुनावायचं राहून गेलं. गर्दी ओसरल्यावर तिने एक पाव घेतला आणि म्हणाली, "तुम्ही लस घेत नाही असं ऐकलं."

"घेत नाही असं नाही. एक विचारायचंय."

"विचारा."

"ज्याने ती बनवली, त्याने घेतली का?"

"मी घेतली आहे. हा बघा दंड."

"तुम्ही देणाऱ्या, सिस्टर. म्हणजे काउंटरवरच्या. मी भट्टीवरच्या माणसाबद्दल विचारतोय."

"अहो, लाखो लोकांनी घेतली."

"ती गिऱ्हाइकं झाली," तो म्हणाला. भांडणाचा सूर नव्हता. बिघडलेला काटा दाखवत माणूस दुरुस्त करणाऱ्याला विचारतो, तसा सूर होता. "माझ्याकडे आधी मी खातो, मग लोक. तिकडे कोणी खाल्लं, एवढंच सांगा."

सिस्टरला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तापाचे, गाठींचे, मुलं होण्या-न होण्याचे प्रश्न तिला पाठ होते. हा मात्र तिच्या डोक्यात राहिला. तिने वरच्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, असले प्रश्न घेऊन बसू नका, किती टोचल्या ते कळवा. तिने आणखी दोन ठिकाणी विचारलं. कुठूनच धड उत्तर आलं नाही.

दोन दिवसांनी ती पुन्हा बेकरीवर आली. "कळलं नाही," ती म्हणाली. "घेतलीही असेल. पण मला माहीत नाही, तर हो कसं म्हणू?"

बेकरीवाल्याची बायको पलीकडे बिस्किटं भरत होती. तिचं म्हणणं असं, की नवऱ्याने त्या क्षणी सिस्टरला बसायला स्टूल दिलं आणि दुकानात येणाऱ्या कुणालाही तो स्टूल देत नाही.

"पण बाजारात येण्याआधी कोणी घेतली ते मला माहीत आहे," सिस्टर बसत म्हणाली. "आपणहून पुढे आलेले लोक. अर्ध्यांना खरी लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते त्यांना सांगत नाहीत."

"फसवतात?"

"आधी सांगून. त्यांना माहीत असतं, की दोन्हींपैकी काहीही असू शकतं."

"आणि टोचणाऱ्याला?"

"त्यालाही माहीत नसतं. माहीत असलं की तोंडावर दिसतं."

बेकरीवाल्याचा पाव गुंडाळणारा हात थांबला. "मग माहीत कुणाला असतं?"

"तिसऱ्याच कुणाला तरी. जो समोर नसतो. शेवटी तो उघड करतो आणि मग बघतात, आजारी कोण जास्त पडले. मिठाचं पाणीवाले की लसवाले."

"पण सांगितलं का नाही? सांगून दिली तर काय बिघडतं?"

"सांगितलं की माणसाला जे वाटायचं ते वाटायलाच लागतं."

हे त्याला पटलं नाही. उलट आपल्या जिभेवरच कुणी शंका घेतल्यासारखं झालं. त्याची अशी ठाम समजूत होती, की त्याला जे वाटतं ते असतंच. एका गिरणीचा विक्रेता बरीच वर्षं त्याच्याकडे खेपा घालत होता आणि हा त्याला दारातूनच परत पाठवत होता, कारण त्या पिठाचा पाव मागाहून कडू लागतो. इतर कुणाला ते कळत नाही, त्याला पहिल्या घासात कळतं. हे तो सिस्टरला म्हणाला. सिस्टर म्हणाली, "असेल." आणि गेली.

ते "असेल" त्याच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहिलं. विक्रेत्याने दिलेली नमुन्याची पिशवी माळ्यावर पडून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसरी भट्टी उतरल्यावर, त्याने एकसारख्या साच्यांत दोन पाव भाजले. एक त्याच्या नेहमीच्या पिठाचा, एक त्या कडू पिठाचा. मग कामं वाटून दिली. ताईने वरच्या खोलीत कडा काढून तुकडे कापायचे, ताटल्यांत मांडायचे आणि कुठला कोणता ते मनात ठेवायचं. बायकोने ताटल्या खाली आणायच्या, पण तिला काही सांगायचं नाही.

"मला का नाही सांगायचं?" बायकोने विचारलं.

"तुझ्या तोंडावर दिसतं."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आज दिसलं का माझं तोंड?"

सहा ताटल्या आल्या, प्रत्येकीत दोन तुकडे, ठरल्याप्रमाणे एकेका पिठाचा. तो चावायचा, थांबायचा, बोट ठेवायचा. "हा कडू." पुढच्या ताटलीत, "हा. विचारायलाच नको." एक तुकडा तर त्याने थुंकून टाकला. शेवटच्या ताटलीनंतर तो पाणी प्यायला आणि जिन्याकडे बघत खुशीत उभा राहिला.

ताई एकेक पायरी उतरत आली. खालच्या पायरीवर दम खात थांबली. दोघं वाट बघत राहिली.

"पहिली बरोबर," ती म्हणाली. "दुसरी चूक. तिसरी चूक. चौथी बरोबर."

"आणि पाचवी? पाचवीत तर मी थुंकलो."

"पाचवीत दोन्ही तुकडे तुझ्या नेहमीच्याच पिठाचे होते."

बायको तोंडावर फडकं धरून भिंतीकडे वळली.

"असं ठरलं नव्हतं," तो म्हणाला.

"तूच म्हणालास ना, कुणाला काही माहीत नको? मग तुलाही नको."

सहावीही चुकली होती. ते विचारायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्याने उरलेले तुकडे एका ताटलीत गोळा केले, पुन्हा एकेक खाऊन पाहिला, आणि आता त्याला एकही कडू लागेना. तो भट्टीसमोरच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "मग रोज सकाळी मी खातो, त्यातून लोकांना काय कळतं?"

"पाव कसा आहे ते नाही कळत," ताई म्हणाली. "पीठ बिघडलेलं असलं तरी तू काही उभ्या उभ्या पडणार नव्हतास. पोट दुपारी बिघडतं. तोवर पाव विकून झालेला असतो. बाबांनाही हे माहीत होतं."

"बाबांना?"

"मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, खपतोय ना."

वडिलांबद्दल ही माहिती त्याला नवीन होती. मंगळवारी संध्याकाळी सहाला केंद्र बंद व्हायच्या बेतात असताना तो शाळेच्या हॉलमध्ये जाऊन उभा राहिला. आत सिस्टर एकटी होती.

"बनवणाऱ्याचं तोंड कामाचं नाही, सिस्टर," तो म्हणाला. "त्याला माल आपला आहे एवढंच कळतं."

"हे कुणी सांगितलं?"

"ताईने. सहा ताटल्यांत." आणि त्याने बाही वर केली.

सिस्टरला वाटलं होतं, की हा येईल तेव्हा सकाळी येईल, भर गर्दीत, आणि गल्ली मागोमाग येईल. निदान फोटो काढू द्या, असं ती म्हणाली. त्याने नको म्हटलं. आपल्याकडे बघून कुणी काही घ्यावं, यावरचा त्याचा विश्वास नुकताच उडाला होता. तिने नेहमीच्या सूचना दिल्या. रात्री ताप येईल, अंग दुखेल, गोळी घ्या, उद्या आराम करा. त्याने मान हलवली. आराम करा हे तिने दिवसभर प्रत्येकाला सांगितलं होतं. उद्या तुमची सुट्टी आहे का, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. बेकरीला सुट्टी सोमवारी असते. हा मंगळवार होता.

बेकरीच्या शटरला लोक घड्याळासारखं वापरतात. ते वर गेलं की शिंपी उठतो आणि पोरं शाळेच्या तयारीला लागतात. बुधवारी सव्वासहाला ते वर गेलं नाही. आत बेकरीवाला दोन पांघरुणांखाली कुडकुडत पडला होता. बायकोने पावाऐवजी गोळी आणि पाणी हातात धरलं होतं, आणि दुकानाबाहेर पाटी लावावी हे कुणालाच सुचलं नाही. वडील गेले त्या दिवसानंतर शटर असं बंद राहिलं नव्हतं.

सात वाजता शिंप्याने शटर ठोठावलं. बायको वरून म्हणाली, "ताप आहे. लस घेतली काल." तिने खरं ते सांगितलं. आठपर्यंत गल्लीच्या मधल्या भागात बातमी अशी झाली, की तो उभाही राहू शकत नाही. नऊपर्यंत गल्लीच्या टोकाला ती अशी झाली, की त्याला दवाखान्यात नेलंय. केंद्रावर नाव नोंदवलेली माणसंही आली नाहीत. दुपारपर्यंत सिस्टर खुर्च्या मोजत बसली आणि मग तडक बेकरीच्या जिन्याने वर आली.

"सोमवारी सुट्टी असते तर रविवारी यायचं ना!" दारातूनच ती म्हणाली. तो उशाला टेकून बसला होता. ताप उतरला होता. चहात पाव बुडवून खात होता.

"तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला.

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"मला कुठे माहीत होतं, मी आजारी पडेन? मी पडत नाही."

यावर सिस्टरने कपाळाला हात लावला. चूक दोघांची होती आणि दोघांनाही ती कळली होती. पण गल्लीने बंद शटर पाहिलं होतं. ते आता लोकांच्या डोक्यातून कोण काढणार, असं ती म्हणाली.

ताई त्याच्या पायाशी खुर्ची टाकून बसली होती. रात्रभर ती तिथेच होती. लस घेतली हे तिला त्याने संध्याकाळीच सांगितलं होतं आणि तेव्हापासून ती त्याच्याकडे एकटक बघत होती. भीतीपेक्षा तिला जास्त उत्सुकता होती. थंडी कधी वाजली, अंग कधी तापलं, घाम कधी फुटला, पहाटे त्याने पाणी मागितलं तेव्हा आवाज कसा होता, हे तिने बारकाईने पाहिलं. लोकांनी रस्त्यावरून शटर पाहिलं होतं. तिने हातभर अंतरावरून माणूस पाहिला.

"हे एवढंच असतं का?" तिने सिस्टरला विचारलं.

"बहुतेकांना एवढंच. काहींना इतकंही नाही."

"आणि मला दम लागतो, ते?"

"म्हणूनच तर तुम्हाला आधी हवी. त्या आजारात याच्यापेक्षा खूप जास्त दम लागेल, आणि तो दुसऱ्या दिवशी उतरणार नाही."

"टोचल्यावर लगेच काही झालं तर?"

"अर्धा तास माझ्यासमोर बसायचं. त्यासाठी लागतं ते सगळं माझ्याजवळ आहे. दाखवेन तुम्हाला."

"बाटली माझ्यासमोर उघडायची."

"उघडीन."

"त्यात मिठाचं पाणी नाही ना?"

सिस्टर हसली. मग बघितलं तर ताई हसत नव्हती, म्हणून तिने नीट उत्तर दिलं. मिठाचं पाणी फक्त चाचणीत. आता सगळ्यांना खरीच.

"मग ठीक," ताई म्हणाली. "पण रविवारी. सोमवारी सुट्टी असते."

गुरुवारी शटर वेळेवर वर गेलं. काचेसमोर नेहमीपेक्षा जास्त लोक होते, बरेचसे बघायलाच आलेले. सर्वांत पुढे शिंपी.

"म्हणजे आहेस अजून," तो म्हणाला.

"पाव हवाय का?"

"आधी तू खा."

बेकरीवाल्याने सुरी हातात घेतली, पण कापायच्या आधी बोलला. त्या जागी उभं राहून तो इतकं कधीच बोलला नव्हता. परवा रात्री ताप होता, काल दुपारी उतरला, आज दंड दुखतोय, बाकी काही नाही. शिवाय मी पाव खातो त्याने पाव चांगला ठरत नाही, माझी जीभ सहात दोनदा बरोबर निघते, ताईला विचारा. लोकांनी ऐकून घेतलं. मग सगळे थांबले. थोडा वेळ तोही थांबला, आणि मग त्याने तुकडा कापून खाल्ला, कारण त्याशिवाय रांग हलत नव्हती.

त्या दिवशी केंद्रावर माणसं आली. रांग लागली असं नाही, पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. शिंपी आला नाही. "तुझा ताप एका दिवसात गेला, माझा दोन दिवस राहिला तर कपडे कोण देणार?" असं तो विचारतो. सिस्टरने त्याला त्याची सुट्टी कधी असते ते विचारलं. तो म्हणाला, शिंप्याला सुट्टी नसते. तिने त्याचं नाव शनिवारी संध्याकाळचं घातलं आहे आणि तो येणार नाही असं तिला वाटतं. आता ती प्रत्येकाला आधी हेच विचारते, उद्या काम आहे का?

आज शनिवार. पाचला दहा मिनिटं असताना वरून खोकला ऐकू आला. बेकरीवाल्याने हात धुतले आणि यंत्र सुरू केलं. ताई गेले दोन दिवस प्रश्न जमवते आहे. काल रात्री तिने त्यात एकाची भर घातली, की लस डाव्या हाताला घेतली तर उजव्या फुप्फुसाला कशी पोचते. सिस्टरला विचार, असं तो म्हणाला. भीती गेली का, असं बायकोने विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "गेली नाही. पण कशाची आहे ते आता कळलंय."

रविवारच्या पाटीवरून मात्र नवरा-बायकोचं वाजलं. त्याला 'कामानिमित्त बंद' पुरेसं वाटत होतं. बायको म्हणाली, बुधवारी काही न लिहून काय झालं ते पाहिलं, आता सगळं लिहायचं. शेवटी तिने लिहिलं तेच राहिलं.

उद्या रविवार. पहिली भट्टी नेहमीसारखी लागेल, दुसरी लागणार नाही. शाळेच्या हॉलमध्ये ताईची वेळ साडेनऊची आहे. नऊ ते अकरा बेकरीचं शटर खाली असेल आणि त्यावर लिहिलेलं असेल, 'ताईंना लस द्यायला गेलो आहोत. अकराला उघडू.'